‘च’ची गाठ

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्स शिकवताना माझ्या वर्गात एक मुलगी होती. सबमिशनच्या दिवशी ती रिकामा शीट कंटेनर घेऊन दारात उभी राहायची. मुलगी हुशार होती. वस्तूचं समोरून आणि वरून दिसणारं रूप इतरांच्या कितीतरी आधी तिला डोळ्यांसमोर दिसायचं. आळशी म्हणावं, तर बोटं शिशानं काळी झालेली असायची. शेवटी तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, ‘मॅडम, ती एकच शीट चार-चार वेळा काढते. एखादी रेघ जाड झाली, खोडल्याची खूण राहिली, की फाडून टाकते. मग रात्र संपते.’ बाकीची मुलं काचेखाली दिवा लावून एकमेकांच्या शीटवरून ‘जीटी’ मारून मोकळी होत होती. जिला खरंच येत होतं, तिच्या नावापुढे शून्य.

शिकवण्याच्या इतक्या वर्षांत प्रत्येक बॅचमध्ये मला असं कुणी ना कुणी भेटलं आहे. काही जण जर्नल पूर्ण करत नाहीत, कारण पहिल्या पानावरचं अक्षर मनासारखं आलेलं नसतं. काही जण व्हायवाला उत्तर येत असूनही गप्प बसतात. आणि काही जण नऊ पॉइंटर मिळवून रडतात.

याला मानसशास्त्रात परिपूर्णतावाद म्हणतात. घरात हा शब्द कुणी वापरत नाही. ‘आमच्या मुलीला अर्धवट काही चालत नाही’ असं आपण म्हणतो, आणि तेही कौतुकानं. त्यामुळे हा त्रास आहे हे कळायलाच उशीर होतो. ताप आला की कपाळाला हात लावतात. ‘फार मनावर घेते हो अभ्यास’ हे ऐकून मात्र पाहुणे मान डोलावतात.

कौतुक करण्यासारखं त्यात काहीच नाही, असंही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉन हॅमाचेक यांनी १९७८ मध्ये यातले दोन प्रकार वेगळे केले. एका माणसाला बारकाईनं काम करण्यात सुख मिळतं आणि प्रसंग पाहून तो हात सैलही सोडू शकतो. दुसऱ्याला केलेलं कधी पुरेसं वाटतच नाही. येवल्याचा विणकर पैठणीच्या पदरावर महिनोन्महिने बसतो, एकेक धागा मोजतो, पण शेवटी साडी मागावरून उतरवतो. माझ्या विद्यार्थिनीला साडी उतरवता येत नव्हती. दोघांचं मोजमाप तितकंच कडक आहे. फरक एवढाच, की विणकराला धागा चुकला तर साडीत दोष दिसतो आणि तिला रेघ चुकली की स्वतःत दिसतो.

पुढे १९९१ मध्ये पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक उपयोगी फोड केली. हा हट्ट कुठून येतो आणि कुणावर रोखलेला असतो, हे त्यांनी पाहिलं. कधी माणूस स्वतःकडूनच निर्दोषपणा मागतो, कधी दुसऱ्यांकडून मागतो. तिसऱ्या प्रकारात त्याला खात्री असते, की सगळं जग आपल्याकडून निर्दोषपणा मागतं आहे आणि त्यात उणं पडलो तर आपली किंमत राहणार नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत जाचक. निराशा आणि चिंता यांच्याशी त्याचं नातं घट्ट आहे, हे पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसलं. ब्रिटनमधल्या थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन इथल्या ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या एकत्र करून तपासल्या. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले. पहिला सुमारे १० टक्क्यांनी आणि दुसरा १६ टक्क्यांनी वाढला होता. ‘जग मागतं आहे’ हा तिसरा प्रकार मात्र ३३ टक्क्यांनी वाढला होता.

आपल्या मुलांकडे पाहताना मला हा तिसरा प्रकारच जास्त भेटतो. दहावीला शहाण्णव टक्के मिळाले की चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत शाल-श्रीफळ मिळतं, आत्या-मावशी पेढे घेऊन येतात. ‘गावाचं नाव काढलंस’ असं सगळे म्हणतात. मनापासून म्हणतात, त्यात खोटं काही नसतं. पण पंधरा वर्षांच्या पोराला त्यातून एक हिशेब कळतो: गावाचं नाव आपल्या टक्क्यांवर उभं आहे. मग हा मुलगा पुण्याला किंवा मुंबईला येतो. १८५४ पासूनचं सीओईपी किंवा १८८७ पासूनचं व्हीजेटीआय अशा कॉलेजात त्याला प्रवेश मिळतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात येतं की वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला होता. साठ जणांच्या वर्गात कुणीतरी साठावा येणारच. तोही कुठल्यातरी तालुक्याचा पहिलाच असतो.

या अनुभवाचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी आयुष्यभर केला. सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी जो अधिक हुशार मुलांच्या संस्थेत जातो, त्याचं स्वतःविषयीचं मत खाली येतं. कुवत तीच राहते, बदलते ती शेजारच्या बाकाशी होणारी तुलना. मार्श आणि त्यांचे सहकारी हाऊ यांनी २००३ मध्ये २६ देशांतल्या एक लाखाहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हाही हेच दिसलं. आपल्याकडे अशा वेळी ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ म्हणून मोकळे होतात. ती म्हण इथे लावू नये. गाय लंगडी नव्हती आणि आजही नाही. कळप बदलला आहे. पहिल्या सत्रात हे मुलांना कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. मी दरवर्षी सांगते, आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकावरच्या चार-पाच चेहऱ्यांवरचा ताण उतरलेला दिसतो.

अपयशाविषयी आपण निदान बोलतो तरी. यशही पचवावं लागतं, हे फारसं कुणी बोलत नाही. ज्याला आपण का जिंकलो हेच कळलेलं नाही, त्याच्या मनात यशानं भीती बसते.

१९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना सुटणारे प्रश्न दिले आणि काहींना मुळात न सुटणारे. नंतर सगळ्यांना सांगितलं, की तुम्ही उत्तम केलंत. दुसऱ्या चाचणीआधी त्यांच्यापुढे दोन औषधांचा पर्याय ठेवला. एकानं बुद्धी तल्लख होईल, दुसऱ्यानं मंद होईल, असं सांगितलं. ज्यांना आपल्या यशाचं कारण ठाऊक नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांनी मोठ्या संख्येनं मंद करणारं औषध पसंत केलं. म्हणजे उद्या हरलो तर दोष औषधावर जाईल आणि ‘हुशार’ हे नाव शाबूत राहील. परीक्षेच्या आदल्या रात्री सिनेमाला जाणारा, ‘मी काही वाचलंच नाही’ असं दारोदार सांगत फिरणारा टॉपर आठवून पाहा. तो बेफिकीर नसतो, फार घाबरलेला असतो.

त्याच वर्षी पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांशी बोलून लिहिलं, की अनेकींना आपण तोतया आहोत असं वाटतं. एक दिवस सगळ्यांना कळेल की आपण इथल्या लायकीच्या नाही, असा धाक त्यांना असतो. पदव्या, मानसन्मान मिळाले तरी तो धाक जात नाही. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉझ शफ्रॅन, झाफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी परिपूर्णतावादातली एक खोड नेमकी दाखवून दिली. असा माणूस ठरवलेली उंची गाठतो, आणि गाठल्यावर म्हणतो की ती कमीच होती. आठ पॉइंटर आला, म्हणजे पेपर सोपा होता. प्लेसमेंट झाली, म्हणजे कंपनीला माणसं हवीच होती. अशा माणसाचं अपयश त्याच्या खात्यावर लिहिलं जातं आणि यश कुणाच्याच नाही.

कौतुक कसं करतो, यालाही इथे महत्त्व आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांना कोडी घातली. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू कष्ट घेतलेस’. पुढचं काम निवडायला सांगितल्यावर पहिल्या गटातली बहुतेक मुलं सोप्याकडे वळली. मुद्दाम अवघड कोडी देऊन त्यांना हरवल्यावर त्यांचा पुढचा निकालही घसरला. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला कळवताना त्यांच्यापैकी दहातल्या जवळपास चौघांनी ते वाढवून सांगितले. या संशोधनाचा पुढे फार गाजावाजा झाला. शाळांमधून त्यावर आधारलेले उपक्रम निघाले आणि त्यांचे मोजलेले परिणाम बेताचेच ठरले. एका शब्दानं मुलं घडत नाहीत. पण ‘हुशार’ हा शिक्का राखण्यासाठी लेकरू खोटं बोलायला तयार होतं, हे मात्र विसरता येत नाही.

आता शीर्षकातल्या ‘च’कडे येते.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती मराठीत विवेकनिष्ठ म्हणून ओळखली जाते. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठी वाचकांपर्यंत आणली. ठाण्याला १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून ती घराघरांत नेली. एलिस यांचं म्हणणं असं, की परीक्षेचा निकाल आपल्याला खचवत नाही. निकालाविषयी आपण मनाशी धरलेला हट्ट खचवतो.

हा हट्ट दाखवायला मराठीत एक अक्षर पुरतं. ‘मला डिस्टिंक्शन मिळालं पाहिजे’ आणि ‘मला डिस्टिंक्शन मिळालंच पाहिजे’ ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा. पहिल्या वाक्यात इच्छा आहे. दुसऱ्या वाक्यात जगाला दिलेला हुकूम आहे, आणि जग हुकूम ऐकत नाही. ‘च’ आला की त्याच्या मागोमाग आणखी एक वाक्य येतं, ते बहुतेक वेळा मनातल्या मनात राहतं: नाही मिळालं, तर मी कुणीच नाही. कष्ट, ध्येय, महत्त्वाकांक्षा पहिल्या वाक्यात पूर्ण मावतात. तरीही दुसरं वाक्य सोडायला मुलं घाबरतात. ‘च’ काढला तर आपण ढिले पडू, असं त्यांना वाटतं.

म्हणून अशा मुलांना ‘अपेक्षा कमी कर’ असं सांगणं व्यर्थ आहे. माझ्या विद्यार्थिनीला मी सुरुवातीला हेच सांगितलं होतं. ‘अगं, कशीही काढ, पण आण.’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘तुझ्याकडून एवढंच होईल’ असं मी म्हणते आहे, असं तिला वाटलं. ही चूक माझी होती. उंची तिला ठेवू द्यायला हवी होती. सोडवायची होती ती उंची आणि स्वतःची किंमत यांच्यात बसलेली गाठ.

विवेकनिष्ठ पद्धतीत भावना दाबायला सांगत नाहीत. नापास झाल्यावर ‘काही वाटून घेऊ नकोस’ हा सल्ला खोटा आहे, वाटणारच. पण वाईट वाटणं आणि खचणं यांत फरक आहे. काळजी आणि धसका यांतही आहे. आपल्या भाषेनं हे शब्द वेगळे ठेवले आहेत ते उगीच नाही. काळजी माणसाला पुस्तक उघडायला लावते. धसका बसला की उघडलेल्या पुस्तकातली ओळ वाचली जात नाही. ‘च’ गेला की काळजी उरते, आणि अभ्यासाला ती पुरते.

एलिस यांनी हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची विलक्षण भीती वाटे. १९३३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं, की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की तिच्याशेजारी बसायचं आणि मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे महिनाभरात अशा १३० जणी दिसल्या. ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. एकच भेटायला येते म्हणाली, आणि तीही आली नाही. हिशेबानं पाहिलं तर शंभर टक्के अपयश. पण शंभर नकार ऐकूनही काही बिघडलं नाही, हे त्यांना आतून पटलं आणि भीती गेली. आजच्या मुलाला मी अनोळखी बाईशेजारी जाऊन बसायला सांगणार नाही, सांगूही नये. घ्यायचं ते एवढंच, की ज्या चुकीची दहशत आहे ती लहान प्रमाणात, ठरवून करून पाहावी लागते. नुसत्या विचारानं ती जात नाही.

माझ्या विद्यार्थिनीशी मग आम्ही असा करार केला. शीट एकदाच काढायची, रबर वापरलं तर खूण दिसू द्यायची, रात्री अकराला पेन्सिल खाली ठेवायची. आणि शीटच्या मागे पुसट अक्षरात लिहायचं, की या शीटला दहापैकी किती मिळतील. पहिल्यांदा तिनं तीन लिहिले. माझ्या सहकाऱ्यानं तपासली, त्याला हे काही ठाऊक नव्हतं. त्यानं आठ दिले. दुसऱ्या वेळी तिनं चार लिहिले, मिळाले साडेसात. सहाव्या शीटपर्यंत तिचा अंदाज आणि मिळालेले गुण जवळजवळ सारखे येऊ लागले. दोन महिने समजावूनही जे काम मला जमलं नव्हतं, ते या आकड्यांनी केलं.

उशीर करणाऱ्या मुलांविषयीही थोडं बोलायला हवं, कारण त्यांना आळशी म्हणून सोडून दिलं जातं. काम उत्तमच व्हायला हवं असेल, तर सुरुवात करणं धोक्याचं होऊन बसतं. न लिहिलेल्या निबंधात एकही चूक नसते. मग दिवस जातात, स्वतःची लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून त्या वहीकडे पाहवत नाही. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी ११९ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. बर्कलीच्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये असंच काही दाखवलं. शब्दांची अवघड चाचणी हुकल्यावर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे मायेनं पाहायला सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांहून जास्त वेळ अभ्यास केला.

स्वतःवर आसूड ओढला नाही तर घोडा चालणार नाही, ही समजूत आपल्याकडे खोलवर आहे. ‘छडी लागे छमछम’ ऐकत वाढलेल्या पिढ्या आपण. म्हणून हे निष्कर्ष मी वर्गात मुद्दाम सांगते. माया म्हणजे लाड नव्हेत. तुझी रूममेट एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकली तर तू तिला काय म्हणशील, असं विचारलं की मुलं फार शहाणं उत्तर देतात. ‘होईल गं, कुठे चुकलं ते बघू, पुढच्या वेळी निघेल.’ हेच वाक्य स्वतःला म्हणायचं, तेवढंच.

आणि केटी लागलीच, म्हणजे एखादा विषय राहिलाच तर?

पहिले दोन दिवस काहीही ठरवू नये. कॉलेज सोडायचं, ब्रांच बदलायची, घरी कायमचं परतायचं, असले निर्णय त्या दोन दिवसांत घ्यायचे नसतात. जेवावं, झोपावं, एका तरी माणसाशी बोलावं. मग उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवावी. बहुतेक मुलं ती मागवतच नाहीत, कारण पाहवत नाही. पण ‘मला गणित येत नाही’ आणि ‘पाचव्या युनिटचे वीस गुण मी सोडले’ यांतलं दुसरं वाक्य उत्तरपत्रिका पाहिल्यावरच सापडतं, आणि दुरुस्त होण्यासारखं तेच असतं. एटीकेटीची, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाण्याची, सोय विद्यापीठांनी ठेवली आहे, याचा अर्थच असा की अडखळणाऱ्या मुलांनी वाटेतून बाहेर पडू नये, ही अपेक्षा नियमातच आहे.

सीनिअर मुलांनी बोलावं, याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय मला दुसरा माहीत नाही. टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात गुणांची काळजी लागलेल्या पहिल्या वर्षाच्या चाळीस विद्यार्थ्यांना घेतलं. त्यातल्या काहींना सांगितलं, की पहिल्या वर्षाचे गुण पुढे बहुतेकांचे सुधारतात, आणि सीनिअर मुलांच्या मुलाखतींची चित्रफीत दाखवली. तीत ती मुलं आपले आधीचे आणि नंतरचे गुण सांगत होती. दुसरं वर्ष संपेपर्यंत, ज्यांना हे सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी २५ टक्क्यांनी विद्यापीठ सोडलं होतं. सांगितलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांनी. अभ्यास लहान आहे, पण त्यावरून एक प्रश्न पडतो. आपल्या फ्रेशर्सच्या स्वागताला व्यासपीठावर आपण कुणाला बसवतो? सुवर्णपदकवाल्याला आणि मोठ्या पॅकेजवाल्याला. त्यांच्या शेजारी तिसऱ्या सत्रात चार विषय राहिलेला आणि आता नोकरी करणारा माजी विद्यार्थी बसायला हवा.

अपयश असं उघडपणे सांगण्याची परदेशात सुरुवात झाली आहे. मेलनी स्टेफन या संशोधिकेनं २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये सुचवलं, की प्रत्येकानं आपल्या अपयशांचाही बायोडाटा लिहावा. २०१६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी आपला तसा बायोडाटा जाहीर केला. न मिळालेले प्रवेश, नाकारलेले लेख, हुकलेल्या शिष्यवृत्त्या, सगळं त्यात होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ या मुलींच्या महाविद्यालयात अपयश नीट कसं घ्यावं यावर उपक्रम सुरू झाला. तिथे मुलींना चुका करायला परवानगी देणारं प्रमाणपत्रच हातात ठेवतात. आपल्या प्राध्यापकांच्या खोल्यांत भिंतीवर पदव्या असतात, नाकारलेला एकही शोधनिबंध नसतो. मुलांना मग वाटतं, की या माणसांच्या आयुष्यात कधी शाई सांडलीच नाही.

शिक्षकाच्या लाल पेनाविषयी एवढंच सांगते. ‘केअरलेस’ लिहून वही परत केली, की परिपूर्णतेचा हट्ट धरणारं मूल तो शेरा कामावरचा नाही, स्वतःवरचा म्हणून वाचतं. स्टॅनफर्डच्या जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की कडक टीकेसोबत दोन गोष्टी सांगितल्या तर ती टीका स्वीकारली जाते: इथलं मोजमाप उंच आहे, आणि तू तिथे पोचू शकतोस अशी माझी खात्री आहे. म्हणजे चुका सांगाव्यात, सगळ्या सांगाव्यात. पण चुका का दाखवतो आहोत तेही सांगावं. आणि आईवडिलांना विनंती, की निकालाच्या दिवशी ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य उच्चारू नका. मुलाला ते वर्षानुवर्षं ऐकू येत राहतं.

आता यातला सर्वांत जड भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात झाल्या. आत्महत्येमागे एकच कारण नसतं, परीक्षा हे अनेक कारणांतलं एक असू शकतं. पण परिपूर्णतेचा हट्ट धरणारी मुलं मदत मागत नाहीत, मदत मागणं हेही त्यांना नापास होणंच वाटतं. म्हणून त्यांच्याकडे आपण जायचं असतं. एखाद्याची झोप उडाली, जेवण सुटलं, तो मित्रांना टाळायला लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, ‘माझं आता काही उरलं नाही’ असं बोलला, तर त्याला भाषण देऊ नका, एकटंही सोडू नका. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच्यासोबत चालत जा.

समुपदेशक कॉलेजात असायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. तुमच्या मुलाच्या कॉलेजात तो आहे का, कुठल्या खोलीत बसतो, कोणत्या वेळेला भेटतो, हे पालकसभेत उभं राहून विचारा. नसेल, तर लेखी मागा. तोवर टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

येत्या निकालाच्या दिवशी तुमच्या ओळखीतल्या अशा एका मुलाला किंवा मुलीला फोन करा, ज्याच्या किंवा जिच्या निकालाची यंदा कुणी चर्चा करत नाहीये. जेवण झालं का ते विचारा. गुण विचारू नका.